गैरकायद्याची मंडळी आणि एकटा आरोपी

सोलापूरहून रोज सकाळी पुण्याकडे निघणाऱ्या गाडीला हुतात्मा एक्स्प्रेस हे नाव कोणा चौघांमुळे मिळाले, हे सोलापुरातल्या शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांच्या देशभक्तीविषयी, आणि एका लिंगायत, एका मारवाडी, एका मराठा व एका मुसलमान तरुणाने एकाच दिवशी मृत्यू पत्करला या विलक्षण योगाविषयी, आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या खटल्याकडे निव्वळ फौजदारी कायद्याच्या अंगाने पाहू गेले असता एक प्रश्न जो पुढे उभा राहतो, त्याची चर्चा सामान्य वाचकाच्या कानावर क्वचितच पडते.

प्रसंग सर्वश्रुत आहे. मे १९३० च्या प्रारंभी गांधीजींना अटक झाली आणि गिरणगावाचे रूप असलेले सोलापूर शहर खवळून उठले. ८ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. त्यानंतर बेभान झालेल्या जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर चाल केली, दोन पोलीस शिपाई ठार झाले, न्यायालयाच्या इमारतीलाही आग लागली, आणि १२ मेपासून शहरावर लष्करी कायद्याचा अंमल बसला. त्या दिवशी रस्त्यावर माणसे होती हजारोंनी. मेलेले शिपाई होते दोन. आणि त्यांच्या हत्येबद्दल फासावर गेले ते चार. हजारांतून हे चार कसे निवडले गेले, आणि ज्याच्या हातून प्रत्यक्ष घाव बसला असे कोणी शपथेवर सांगू शकत नाही अशा माणसालाही खुनी ठरविण्याचा अधिकार कायद्याला कोठून प्राप्त होतो, हा तो प्रश्न होय. हे चौघे निरपराध होते ही सोलापूरकरांची दृढ श्रद्धा आहे आणि ती येथे वादाचा विषय करावयाची नाही. त्या खटल्याच्या मागे उभा असलेला जो कायदा, तो मात्र आजही जवळजवळ त्याच शब्दांत आपल्या डोक्यावर आहे, आणि जिल्हा न्यायालयात ज्या ज्या वेळी भाऊबंदकीतला खुनाचा खटला उभा राहतो त्या त्या वेळी तो कोणा ना कोणाच्या मानेवर टेकतो. म्हणून तो नीट समजून घेणे इष्ट.

गुन्ह्याची जबाबदारी ज्याची त्याची, हा फौजदारी न्यायाचा मूळ पाया आहे. बापाच्या कर्जाला मुलगा दिवाणी न्यायालयात बांधील ठरू शकेल, बापाने केलेल्या खुनाला तो फौजदारी न्यायालयात बांधील ठरत नाही. परंतु हा पाया जसाच्या तसा ठेवला तर एक मोठी अडचण येते, आणि ती कोणत्याही शवविच्छेदनाच्या अहवालात उघड्या डोळ्यांनी पाहता येते. महाराष्ट्रात या अहवालाचा जो ठरीव नमुना आहे त्यात रकाना सतरामध्ये शरीरावरील बाह्य जखमा अनुक्रमाने लिहिलेल्या असतात: डोक्याच्या डाव्या बाजूला अमुक लांबीची फाटलेली जखम, उजव्या दंडावर खरचटल्याची खूण, पाठीवर काठीचे आडवे वळ, अशा एकामागून एक पंधरा-वीस नोंदी. त्यांतली प्राणघातक एक किंवा दोन. आता सहा जणांनी काठ्या चालविल्या असतील आणि पाहणारी बाई विहिरीच्या काठावरून आरडत धावत आली असेल, तर तिने कोणत्या काठीने कोणती जखम झाली हे टिपून ठेवावे अशी अपेक्षा शहाणा माणूस करणार नाही. केवळ ज्याचा घाव प्राणघातक तोच खुनी असे म्हटले, तर सहाही जण खुनाच्या आरोपातून निसटतील, आणि टोळी करून मारणे हा फाशी चुकविण्याचा सोपा उपाय होऊन बसेल.

या अडचणीवर भारतीय दंड संहितेने १८६० सालीच कलम ३४ योजून ठेवले होते. पण मूळ मसुद्यात अनेकांनी मिळून केलेले कृत्य एवढेच म्हटले होते, आणि ‘सर्वांच्या समान इराद्याच्या सिद्धीसाठी’ या अर्थाचे शब्द १८७० च्या दुरुस्तीने त्यात घातले गेले. माझ्या मते या कलमाचा खरा जन्म १८७० चा मानावा, कारण त्या चार शब्दांवाचून ते कलम म्हणजे नुसते जाळे होते. त्याच्या शेजारी दुसरे एक कलम, १४९. पाच किंवा अधिक इसमांची गैरकायद्याची मंडळी जमली, त्या मंडळीच्या समान उद्दिष्टासाठी तिच्यातील एकाने गुन्हा केला, किंवा असा गुन्हा घडण्याचा संभव आहे हे मंडळीला ठाऊक होते, की त्या वेळी मंडळीत असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पहिल्याचे कलम ३(५) झाले आहे आणि दुसऱ्याचे १९०. पण वकिलांच्या खोलीत अजूनही ‘तीनशे दोन सह चौतीस’ असेच ऐकू येते, आणि आणखी दहा वर्षे तरी ऐकू येत राहील.

दोहोंतला भेद सूक्ष्म आहे, पण निकालपत्रे त्याच्यावरच फिरतात. चौतीसमध्ये दोन माणसेही पुरतात, मात्र त्यांची मने आधी जुळलेली असली पाहिजेत आणि प्रत्येकाने त्या कृत्यात काही ना काही भाग घेतलेला असला पाहिजे. ते कलम स्वतः कोणता गुन्हा निर्माण करीत नाही, जबाबदारी कशी वाटून द्यावयाची एवढेच सांगते. एकशे एकोणपन्नासमध्ये माणसे निदान पाच लागतात, पण हात उगारल्याचा पुरावा लागत नाही. मंडळीत सामील असणे हाच तेथे अपराध. साहजिकच फिर्याद लिहून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराला दुसरे कलम अधिक प्रिय. बांधाच्या किंवा पाटाच्या पाण्याच्या भांडणातली एखादी फिर्याद काढून पाहा: ‘यातील सर्व आरोपींनी संगनमत करून, गैरकायद्याची मंडळी जमवून, हातात काठ्या, कुऱ्हाडी घेऊन फिर्यादीच्या भावास जिवे ठार मारले’ हे वाक्य त्यात हमखास आढळते, आणि त्याच्या आधी जी नावांची यादी असते तिच्यात मारेकऱ्यांबरोबर त्यांचा म्हातारा चुलता, सोसायटीचा सेक्रेटरी असलेला थोरला भाऊ, आणि त्या दिवशी पंढरपूरला गेलेला धाकटा जावईसुद्धा असतो. खरा मारेकरी सुटू नये या भीतीपोटी जितके हे घडते, तितकेच शत्रूचे घर एकदाचे बसवावे या इच्छेपोटीही घडते. वरिष्ठ न्यायालयाचे अर्धे काम ही यादी पुन्हा एकेका नावावर आणून ठेवण्याचे आहे.

या कामाचा आरंभ लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात झाला, आणि तो आरोपीच्या बाजूने झाला नाही. १९२३ साली कलकत्त्याच्या शंकरीटोला टपाल कचेरीत पोस्टमास्तरांवर गोळ्या झाडण्यात आल्या. पकडला गेलेला बारेन्द्रकुमार घोष म्हणाला की, मी बाहेर अंगणात उभा होतो, गोळी माझी नव्हे. १९२४ मध्ये लॉर्ड सम्नर यांनी हा बचाव फेटाळला: ठरलेल्या कटात दाराशी उभे राहणे हेही त्याच कृत्यातले कर्तव्य, आणि उभा राहणारा हा मारणाऱ्याइतकाच कर्ता. वीस वर्षांनी, १९४५ मध्ये, त्याच कौन्सिलाने दुसरी बाजू दाखविली. सिंधू नदीकाठी बोरू कापण्यावरून झालेल्या झटापटीत महबूब शहाच्या सोबत्याची गोळी एकाला लागून तो मेला, महबूबची गोळी दुसऱ्याला लागून तो जगला. महबूबलाही खुनासाठी फाशी सुनावली गेली होती. कौन्सिल म्हणाले, दोघांचा इरादा सारखा असणे वेगळे आणि दोघांचा इरादा एक असणे वेगळे. आधी ठरवून आल्याचा पुरावा नसेल तर दुसऱ्याच्या गोळीचे ओझे याच्या शिरी देता येणार नाही. खुनाच्या दोषातून तो मुक्त झाला.

स्वातंत्र्यानंतर हाच विचार ज्या न्यायाधीशाने सर्वांत खोल नेला तो आपल्या नागपूरचा. विवियन बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि पुढल्या पाच वर्षांत त्यांनी या कलमावर जे लिहिले त्याचा आधार आजही सत्र न्यायाधीशापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सारे घेतात. पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य हा १९५४ चा निकाल त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. पाच जणांनी एकावर हल्ला केला, तो मेला, तिघांना फाशी झाली. बोस यांनी विचारले, हे पाच जण ठरवून आले होते याला पुरावा कोणता? एकाच वेळी अनेक माणसे एकाच माणसावर तुटून पडू शकतात, प्रत्येकाच्या मनात त्याला मारण्याचा हेतू असू शकतो, आणि तरीही ते हेतू समांतर रेषांसारखे परस्परांना न भेटता चालू शकतात. मने जुळावयाला फार वेळ लागतो असे नव्हे. जागच्या जागीही ती जुळतात. पण जुळली हे शाबीत व्हावे लागते. पांडुरंगाचा स्वतःचा घाव प्राणघातक असल्याचे सिद्ध झाले नव्हते, तेव्हा त्याच्यावरचा खुनाचा दोष जाऊन घातक हत्याराने जबर दुखापत केल्याचा राहिला आणि फाशीच्या जागी दहा वर्षांची सक्तमजुरी आली. उरलेल्या दोघांवरचा खुनाचा दोष कायम झाला. तथापि उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींतच फाशीविषयी मतभेद पडला होता एवढ्या कारणास्तव त्यांची फाशी जन्मठेपेवर उतरली. एकाच शेतात, एकाच घटकेला, एकाच माणसावर चाललेल्या हत्यारांची किंमत वरच्या न्यायालयात अशी निरनिराळी ठरली.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे विली स्लेनीचा खटला. तो खुद्द नागपूरचा. १९५३ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी दोघे भाऊ एका घरी तंट्याला गेले, बोलाचाली झाली, आणि विलीने भावाच्या हातातली हॉकी स्टिक हिसकावून घरातल्या तरुणाच्या डोक्यात एक तडाखा हाणला. तो तरुण दहा दिवसांनी इस्पितळात मरण पावला. दोषारोप ठेवला गेला दोघांवर मिळून, कलम ३४ सह. आणि सत्र न्यायालयाने भावाला सोडले. आता विलीच्या वकिलांनी मोठा बिनतोड मुद्दा काढला. आरोप दोघांनी मिळून केल्याचा होता, दुसरा तर सुटला, आणि विलीने एकट्याने खून केला असा आरोप कोणी कधी ठेवलाच नव्हता. मग ज्या आरोपाला उत्तर देण्यास त्याला कधी बोलावलेच नाही, त्यासाठी त्याला शिक्षा कशी? प्रश्न इतका महत्त्वाचा ठरला की पाच न्यायमूर्तींसमोर तो गेला आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये निकाल लागला. बोस यांचे उत्तर व्यवहारी होते. आपल्यावर काय बालंट आहे हे आरोपीला खटल्यात स्पष्ट कळले होते काय, त्याला बचावाची पूर्ण संधी मिळाली काय, आणि कागदावरच्या उणिवेने त्याचे खरोखर काही नुकसान झाले काय, एवढेच पाहावयाचे. कायदा हा तांत्रिक चुकांचा सापळा नव्हे. विलीने स्वतः तडाखा मारला हे प्रारंभापासून सर्वांना ठाऊक होते, म्हणून एकट्याची जबाबदारी त्याच्यावर टिकली. मात्र खुनाची नव्हे: रागाच्या भरात एकच प्रहार, पूर्वतयारी नाही, तेव्हा सदोष मनुष्यवध, आणि शिक्षा जन्मठेपेऐवजी पाच वर्षे. तांत्रिक मुद्दा हरला आणि तरीही माणसाला न्याय मिळाला, असे क्वचित घडते.

या दोन निकालांच्या मधोमध जी अवघड जागा आहे तिच्यात मुंबई उच्च न्यायालयातले दोन खटले अडकले. सोबत्यांना सोडले आणि एकाला धरले, पण त्या एकाच्या स्वतःच्या हातचा घाव शाबीत नाही. मग काय करायचे? प्रभू बाबाजी नवले याच्या प्रकरणात, आणि पुढे १९६३ मध्ये कृष्णा गोविंद पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, हाच पेच पडला. पाटील खटल्यात चार आरोपी होते. सत्र न्यायाधीशांनी चौघांनाही सोडले. सरकारने अपील केले. उच्च न्यायालयाने तिघांची सुटका कायम ठेवून एकट्याला ‘सह चौतीस’ खुनाचा दोषी ठरविले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी विचारलेला प्रश्न कोणाही सामान्य माणसाला सुचावा असा आहे: हा कोणासह? दोषारोपात या चौघांवाचून पाचव्याचे नाव नाही, अनोळखी इसमांचा उल्लेख नाही, एकाही साक्षीदाराने बाहेरच्या कोणाला पाहिलेले नाही. तिघे निर्दोष म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते तेथे नव्हतेच. मग समान इरादा याने आपल्या सावलीशी केला काय? अनोळखी साथीदार होते असा पुरावा असता तर गोष्ट निराळी होती, हेही त्यांनी सांगितले. आरोपी सुटला. असा निकाल ऐकून मृताच्या घरच्यांचे समाधान होत नाही, आणि ते होऊही नये. पण चूक त्या निकालात नसून, अंदाजाने चार नावे घालणाऱ्या फिर्यादीत आणि ती चाळून न घेणाऱ्या तपासात असते.

प्रत्यक्ष जागेवर हजर असलेच पाहिजे काय, हा आणखी एक उपप्रश्न. त्याचा निकाल थोडक्यात सांगून पुढे जाऊ. पुण्याजवळच्या देहूरोड येथील लष्करी भांडारातून सरकारी माल लांबविल्याच्या खटल्यात बोस यांनी हजेरी आवश्यक मानली. पण पाच वर्षांनी, मुंबईच्या एका कापड रंगविण्याच्या गिरणीच्या संचालकांनी सरकारी कापडाचा अपहार केल्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती शहा यांनी म्हटले की हा नियम मारामारीच्या गुन्ह्यांचा. हिशेबाच्या वह्यांतून होणाऱ्या गुन्ह्यात माणसाची हजेरी वहीतच असते.

आता जमाव. सोलापूरच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा निकाल १९६४ चा, आणि तो लिहिणारे सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे साताऱ्याचे. झाशी जिल्ह्यातल्या एका खेड्यात गटबाजीतून एकाच दिवशी पाच खून झाले, आरोपी चाळीस, दहा जणांना फाशी. मसल्ती या अपीलदाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालात बचावाच्या वकिलांचे म्हणणे होते की, प्रत्येकाने प्रत्यक्ष काय केले ते दाखवा. गजेंद्रगडकरांनी ते मानले नाही: मंडळीचा सभासद असणे शाबीत झाले की एकशे एकोणपन्नासला तेवढे पुरते. मात्र याच निकालात त्यांनी उच्च न्यायालयाच्या एका कसोटीला मान्यता दिली. निदान चार साक्षीदारांनी ज्याचे नाव सुसंगतपणे घेतले त्यालाच दोषी धरावे, बाकीच्यांना सोडावे, असा दंडक त्या न्यायालयाने स्वतःपुरता घातला होता. ही कसोटी यांत्रिक आहे हे गजेंद्रगडकरांनी कबूल केले. पुराव्याचे मोल संख्येवरून ठरत नाही हे कायद्याचे पहिले सूत्रही त्यांना अवगत होते. पण जेथे साक्षीदारही एका गटाचे, मृतही त्याच गटाचे, आणि आरोपी डझनांनी, तेथे केवळ उत्सुकतेने गर्दीत आलेला बघ्या आणि गर्दीचा मारेकरी यांना वेगळे करावयास याहून बरे साधन हाताशी नव्हते. त्यांच्या बाजूने मला एवढेच म्हणावेसे वाटते की, जाडेभरडे साधन असलेले बरे. साधनच नसले म्हणजे काय होते हे मंगळवार पेठेने पाहिले आहे. हजारोंच्या जमावातून नावे निवडताना तेथे साक्षीदार बहुतांशी सरकारी, शहर लष्कराच्या ताब्यात, आणि मृत हे सरकारचेच नोकर होते.

अपील म्हणजे या चाळणीची दुसरी आणि तिसरी फेरी. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या मान्यतेवाचून अमलात येत नाही, आणि त्या मान्यतेसाठी दोन न्यायमूर्तींनी सारा पुरावा नव्याने वाचावा लागतो, आरोपीने अपील केलेले असो वा नसो. सोलापूरच्या पक्षकाराला यासाठी इतकी वर्षे मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाल्यापासून सोलापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि खुद्द कोल्हापूर या सहा जिल्ह्यांची अपिले तेथे चालतात. जेथे खालच्या न्यायालयात सहा जणांना एकाच वाक्यात दोषी ठरविलेले असते, तेथे अपिलाच्या सुनावणीत प्रत्येक अपीलदाराच्या नावापुढे कोणत्या साक्षीदाराने काय सांगितले, हत्यार कोणाकडून जप्त झाले, आणि रकाना सतरातील कोणत्या जखमेशी ते जुळते याचा ताळा घ्यावा लागतो, आणि बहुधा त्या ताळ्यातच सहांचे तीन होतात.

पण जे अपिलात येतच नाहीत, किंवा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या पीठांपुढे येतात, त्यांचे काय होते? उत्तर प्रदेशातील एका कुटुंबातल्या चौघांचा खून चौघांनी मिळून केला. एक पोलिसांच्या चकमकीत मेला, उरलेल्या तिघांना, जीता सिंग, कश्मीरा सिंग आणि हरबन्स सिंग यांना, १९७५ मध्ये फाशी सुनावली गेली. गुन्हा तोच, पुरावा तोच, प्रत्येकाचा वाटा सारखाच. तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात निरनिराळ्या वर्षी गेले. जीताचा फेटाळला गेला. कश्मीराची फाशी १९७७ मध्ये जन्मठेपेवर उतरली. हरबन्सचा १९७८ मध्ये फेटाळला गेला, दयेचा अर्जही फेटाळला गेला, आणि ६ ऑक्टोबर १९८१ ही जीताबरोबर त्याच्याही फाशीची तारीख मुक्रर झाली. त्याच सकाळी जीता फासावर गेला. हरबन्सने मात्र ऐन वेळी रिट अर्ज केला होता म्हणून त्याची फाशी तहकूब राहिली. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्यापुढे फेब्रुवारी १९८२ मध्ये हे प्रकरण आले, तेव्हा कश्मीराची शिक्षा सौम्य झाल्याची गोष्ट हरबन्सच्या वेळी न्यायालयाच्या नजरेस आणलीच गेली नव्हती असे निष्पन्न झाले. न्यायालयाने हरबन्सची फाशी जन्मठेपेवर उतरविण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे केली, आणि तुरुंगांसाठी एक सूचना लिहून ठेवली: फाशी अमलात आणण्यापूर्वी तुरुंगाच्या अधीक्षकाने स्वतः तपासून पाहावे की त्याच खटल्यातल्या दुसऱ्या कोणा आरोपीची फाशी कमी झाली आहे काय, आणि झाली असल्यास वरिष्ठांना ताबडतोब कळवावे, म्हणजे ते ती गोष्ट न्यायालयाच्या नजरेस आणतील.